सागरेश्वर अभयारण्यात शाळेची एक दिवसाची सहल: परवानगी, कागदपत्रे आणि अर्ज अडतो त्या जागा

सागरेश्वर हे सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरचे अवघ्या १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. एका दिवसात जाऊन येता येते, मुलांना चितळ, सांबर आणि काळवीट पाहायला मिळण्याची शक्यता असते, आणि उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून व प्राणी आणून सोडून जंगल कसे उभे केले हे प्रत्यक्ष दाखवता येते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून हे काम उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यामुळे दरवर्षी दिवाळीनंतर अनेक शाळा येथे सहल ठरवतात आणि त्यांतल्या काहींचे अर्ज परत येतात. गेली काही वर्षे मी परिसरातल्या शाळांना हे अर्ज लिहायला मदत करतो. अर्ज परत येण्याची कारणे बहुतेक वेळा तीच ती असतात, आणि त्यांतले एकही कारण मुलांच्या चुकीचे नसते.

कुटुंबासह जाणाऱ्यांना या लेखाची फारशी गरज नाही. त्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे, प्रवेशद्वारावर त्या दिवशीचे शुल्क भरावे आणि आत जावे. शुल्क, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी यांत बदल होत असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी. पुढचे सर्व विवेचन शाळेच्या गटासाठी आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की येथे दोन स्वतंत्र परवानग्या लागतात. मुलांना शाळेबाहेर नेण्याची मान्यता शिक्षण विभागाची, आणि अभयारण्यात प्रवेशाची परवानगी वन विभागाची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम २८ नुसार अर्ज केल्यावर ठरावीक कारणांसाठी परवाना दिला जातो. एक परवानगी दुसरीची जागा घेत नाही. तीन वर्षांपूर्वी एका शाळेची मुले शिक्षण विभागाच्या मान्यतेचे पत्र घेऊन फाटकापर्यंत आली होती आणि वन विभागाला मात्र त्या सहलीची काहीच कल्पना नव्हती. त्या दिवशी आधीच दोन मोठे गट आत असल्यामुळे या मुलांना खालच्या मंदिराच्या आवारात डबे खाऊन परत जावे लागले. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

आता खरी अडचण. शिक्षण विभाग विचारतो की स्थळाची परवानगी कोठे आहे, आणि वन विभाग विचारतो की शिक्षण विभागाची मान्यता कोठे आहे. दोन्ही कार्यालये आपापल्या जागी बरोबर असतात, पण मधल्या मध्ये मुख्याध्यापकांच्या फेऱ्या होतात. कार्यालयांनी एकमेकांशी एका पत्राने बोलायला हवे असे मला मनापासून वाटते, परंतु तसे होईपर्यंत मार्ग असा आहे. आधी वन विभागाला फोन करून दिनांक मोकळा आहे का ते विचारून घ्यावे. मग वन विभागाला द्यायच्या अर्जात ‘शिक्षण विभागाच्या मान्यतेच्या अधीन राहून’ हे शब्द स्पष्टपणे लिहावेत, अर्ज दाखल करावा आणि पोच घेतलेली प्रत शिक्षण विभागाच्या प्रस्तावाला जोडावी. मान्यता हाती आल्यावर तिची प्रत वन विभागात आवक क्रमांकाचा उल्लेख करून द्यावी. या क्रमाने गेलेले अर्ज फारसे अडकलेले मी पाहिलेले नाहीत.

अर्ज कोणाकडे करायचा यातही चूक होते. वन विभागात प्रादेशिक आणि वन्यजीव अशा वेगळ्या शाखा आहेत. जवळचे वन कार्यालय म्हणून प्रादेशिक शाखेत दिलेला अर्ज तेथेच पडून राहू शकतो, कारण अभयारण्याचे काम वन्यजीव शाखा पाहते. पत्रावर ‘परिक्षेत्र वन अधिकारी (वन्यजीव)’ असे लिहावे आणि अर्ज त्याच कार्यालयात पोहोचला आहे याची खात्री करावी.

अर्जातील प्रयोजनाच्या ओळीबद्दल कळकळीची विनंती आहे. सहल शैक्षणिक दिसावी म्हणून अनेक शिक्षक ‘वनस्पतींचे नमुने गोळा करणे’ किंवा ‘प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास’ असे लिहितात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु त्या एका ओळीने साध्या भेटीचा अर्ज संशोधनाचा अर्ज होतो. संशोधनाची परवानगी नागपूर येथील प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या अखत्यारीत येते आणि तिला लागणारा वेळ सहलीला परवडणारा नाही. शिवाय अभयारण्यातून पान, फूल, बी किंवा पीस असे काहीही परवानगीशिवाय उचलून आणता येत नाही. म्हणून प्रयोजनात ‘निसर्ग भेट व निरीक्षण’ एवढेच लिहावे. मुलांनी वहीत चित्रे काढावीत, साधे फोटो काढावेत. ड्रोनचा विचार मनात आणू नये.

सर्वांत जास्त सहली अडतात त्या पालकांच्या संमतीपत्रावर. खानापूर, आटपाडी आणि तासगाव भागांतील कितीतरी पालक गलाई म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त परराज्यांत असतात आणि मुले आजी-आजोबांकडे राहतात. ऊसतोड कुटुंबांतील मुलांचे पालक तर पहाटेच फडावर गेलेले असतात. अशा वेळी आजीचा अंगठा घेतलेले संमतीपत्र ‘पालकाची सही नाही’ म्हणून परत येते, आणि वर्गातले ते एकच मूल मागे राहते. ही गोष्ट नोव्हेंबरमध्ये लक्षात येऊन उपयोगाची नाही. गलाईवाले पालक दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला घरी येतात, तेव्हाच शाळेने ‘माझ्या अनुपस्थितीत आजी अथवा आजोबा पालक म्हणून सही करतील’ असे पत्र त्यांच्याकडून घेऊन ठेवावे. तेही झाले नसेल तर पालकाने कोऱ्या कागदावर संमती लिहून, सही करून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. मुख्याध्यापकांनी त्याची छापील प्रत साक्षांकित करून आजीच्या अंगठ्याच्या पत्राला जोडावी. संमतीपत्रात सहलीचे ठिकाण आणि दिनांक छापलेला असावा. ‘सहलीस संमती आहे’ एवढाच मजकूर पुरेसा धरला जात नाही.

मुदतीबद्दल. समजा, ‘सहलीच्या पंधरा दिवस आधी अर्ज करावा’ असे सांगितले गेले, तर ते पंधरा दिवस पत्रावर टाकलेल्या दिनांकापासून नव्हे, तर कार्यालयाच्या आवक नोंदीपासून मोजले जातात. टपालाने पाठवलेले पत्र चार दिवसांनी नोंदले गेले तर तुमच्या हाती अकराच दिवस उरतात, आणि त्यांत शनिवार, रविवार व नाताळची सुट्टी आली की कामाचे दिवस आणखी कमी होतात. अर्ज हातोहात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि तो मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नये.

वाहन शक्यतो एसटीचेच घ्यावे. शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते आणि खासगी गाडीची नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र ही सारी कागदपत्रे गोळा करण्याचा त्रास वाचतो. मात्र अर्जात गाडीचा क्रमांक विचारला असेल तर शिक्षक गोंधळतात, कारण आगाराकडून तो बहुधा निघण्याच्या वेळीच कळतो. ती जागा कोरी सोडू नये. तेथे ‘राज्य परिवहन महामंडळाची बस, आरक्षण पावती सोबत जोडली आहे’ असे लिहून पावतीची प्रत लावावी.

विद्यार्थ्यांची यादी तीन ठिकाणी जाते: आगार, शिक्षण विभाग आणि वन विभाग. ती तिन्ही ठिकाणी शब्दशः एकच असावी. एका यादीत ४८ आणि दुसरीत ५१ नावे असली की शंका घेतली जाते, आणि ती रास्तही आहे, कारण संध्याकाळी डोंगरावरून किती मुले खाली उतरायला हवीत हे त्याच आकड्यावरून ठरते. यादी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची असावी, सोबतच्या शिक्षकांची नावे व मोबाइल क्रमांक तिच्यातच असावेत, आणि मुली असतील तर शिक्षिकेचे नाव हवेच. ऐनवेळी एखादे मूल आजारी पडले तर नाव खोडून शेजारी सही करावी. नवे नाव घालू नये. चालण्यास त्रास होणारे मूल असेल तर ते अर्जातच लिहावे, म्हणजे गाडी आत कोठपर्यंत नेता येईल हे आधी ठरवता येते.

स्थळांची नावेही नीट लिहावीत. पायथ्याचे सागरेश्वराचे प्राचीन मंदिर आणि वरचे अभयारण्य ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. तसेच यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे जवळच असल्यामुळे तेथे जाण्याचा मोह सर्वांना होतो आणि जावेही. परंतु ते नाव शिक्षण विभागाच्या प्रस्तावात असले पाहिजे. न लिहिलेल्या ठिकाणी गाडी वळवून काही अपघात घडला, तर सगळी जबाबदारी एकट्या शिक्षकावर येते. श्रावणातील सोमवार टाळावेत, कारण मंदिरात भाविकांची गर्दी असते.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल थोडेसे. प्राणी सकाळी आणि उन्हे कलल्यावर दिसतात. आठला हजेरी घेऊन दहाला निघालेली शाळा भर दुपारी पोहोचते आणि मुलांना वाळलेले गवतच दिसते, म्हणून शक्य तितके पहाटे निघावे. पाणी सोबत न्यावे, डबे स्टीलचे असावेत. चूल किंवा स्टोव्ह पेटवण्याचा प्रश्नच नाही. वाळलेल्या गवताच्या डोंगराला एक ठिणगी पुरते आणि अभयारण्यात आगीचा धोका निर्माण करणे हा गुन्हा आहे.

दिनांक बदलावा लागला तर नवा अर्ज करू नये. जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून दुरुस्तीचे एकच पत्र दोन्ही कार्यालयांना त्याच दिवशी द्यावे आणि आगारातील आरक्षण मात्र वन विभागाने नवा दिनांक मान्य केल्यावरच बदलावे.