तर्री सांडली कार्पेटवर, आणि साबणाने तिचं कुंकू झालं

गेल्या महिन्यात एका रविवारी घरी मिसळ होती. नाशिकमध्ये रविवारी मिसळ म्हणजे काही बातमी नाही, फक्त त्या दिवशी बाहेर न जाता पार्सल आणलं होतं आणि आमच्या भाच्याने टीव्हीकडे बघता बघता तर्रीची अख्खी वाटी हॉलमधल्या कार्पेटवर पालथी घातली. कार्पेट क्रीम कलरचं. माझी नणंद ओरडतच उठली, ओला फडका आणि कपड्यांची पावडर घेऊन घसाघसा घासायला बसली, आणि बघता बघता तो पिवळा-केशरी डाग झाला चक्क लालभडक. तिला वाटलं आपण कार्पेट जाळलं की काय. सासूबाई सोफ्यावरून शांतपणे म्हणाल्या, "अगं ताई, हळदीला साबण लावलास ना, आता झालं कुंकू."

आता गंमत अशी की सासूबाई केमिस्ट्री शिकलेल्या नाहीत पण बोलल्या ते शंभर टक्के बरोबर. पारंपरिक कुंकू असंच करतात, हळदीत चुना आणि अजून एकदोन गोष्टी घालून, कारण चुना अल्कली आहे आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत गेलं की लाल होतं. शाळेत हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी टाकायचो तोच हा प्रयोग. हळदीच्या कार्यक्रमाची साडी धुताना प्रत्येक बाईने हे बघितलेलं असतं. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो म्हणून ती चांगलीच अल्कलाइन, भांड्याचं लिक्विड बहुतेक वेळा जवळपास न्यूट्रल. त्या लाल डागावर लिंबू पिळलं की तो परत पिवळा होतो, आणि लोकांना वाटतं डाग निघायला लागला. निघत वगैरे काही नाही, फक्त रंग बदलतो, कर्क्युमिन आहे तिथेच.

डाग काढायचे मुळात दोनच रस्ते आहेत. एक तर डाग तिथून उचलून दुसऱ्या कशात तरी पाठवायचा, फडक्यात, पावडरीत, पाण्यात. नाहीतर तो तिथेच ठेवून त्याचा रंग तोडायचा. तिसरा रस्ता नाही. यूट्यूबवरचे सगळे जालीम उपाय या दोनपैकी एका खात्यात बसतात, किंवा मग कशातच बसत नाहीत.

तर्री हा डागांमधला राजा आहे असं माझं मत. कारण त्यात एक नाही तीन गोष्टी एकत्र आहेत. वरचा तवंग म्हणजे तेल, त्या तेलात मिरचीचा लाल रंग, त्याला कॅप्सॅन्थिन म्हणतात, गाजराच्या रंगाचा नातेवाईक, आणि शिवाय हळद. हे दोन्ही रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात मात्र मजेत विरघळतात. म्हणून तर फोडणीत हळद-तिखट टाकलं की तेल रंगतं आणि नुसत्या पाण्यात टाकलं की गाळ बसतो. म्हणजे कार्पेटवर पाणी ओतून तुम्ही रंगाला काहीच करत नाही, उलट तेल अजून पसरवता आणि खालपर्यंत पोचवता.

आणि कार्पेट कशाचं आहे ते आधी बघा, हे कोणी बघतच नाही. आम्हाला गंगापूर रोडला लागलेल्या एका प्रदर्शनात विक्रेत्याने छातीठोकपणे प्युअर वूल म्हणून दिलं होतं. मी मागच्या कडेचा एक धागा कापून वाटीभर पाण्यात टाकला, वर लिक्विडचा एक थेंब म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून राहात नाहीत, आणि तो धागा निवांत तरंगत राहिला. लोकर, नायलॉन, पॉलिएस्टर सगळे पाण्यापेक्षा जड, ते बुडतात. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलिन, ज्याची आपली दोरी आणि सिमेंटची पोतीही होतात. प्युअर वूल म्हणे! (नवऱ्याने तेव्हा घासाघीस करून किती कमी केले ते मी अजून ऐकवते.)

पण याचा फायदा-तोटा दोन्ही आहे. पॉलिप्रॉपिलिन पाणी जवळपास शून्य पितं, म्हणून चहा-सरबत त्यावरून सहज टिपलं जातं, पण ते स्वतःच पेट्रोलियममधून आलेलं, तेलाशी त्याचं पटकन जमतं, त्यामुळे तर्रीला ते घट्ट धरतं. लोकरीचं उलट. लोकरीच्या तंतूवर बाहेरून चरबीसारखा पातळ थर असतो, त्यामुळे सांडलेला थेंब काही क्षण वरच मोत्यासारखा बसतो, तेवढ्यात टिपला तर वाचलात, पण एकदा आत गेला की लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओलावा पोटात ठेवते आणि वरून ओली लागतही नाही. तागाचं असेल तर कमीत कमी पाणी, ताग भिजून हळू वाळला की त्यातल्या लिग्निन नावाच्या लाकडी घटकामुळे तपकिरी डाग पडतात, म्हणजे मिसळीचा गेला आणि पाण्याचा आला.

तर आम्ही केलं काय. ताईंच्या हातातला फडका आधी काढून घेतला. घासणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, कारण कार्पेटचा धागा पिळलेला असतो, घासलं की पीळ सुटतो, टोकं पिंजारतात आणि तिथे उजेड वेगळ्या तऱ्हेने पसरतो, मग डाग पूर्ण गेला तरी तो भाग कायम मळका दिसतो. मटकी, शेव चमच्याने बाहेरून आतल्या दिशेला गोळा केली. मग त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं, सढळ हाताने, मैदा किंवा टाल्कम पावडरही चालते. बारीक कणांच्या मधे बारीक फटी असतात आणि तेल त्या फटींमधे आपोआप चढतं, दिव्याच्या वातीत चढतं तसंच. वीस मिनिटात पांढरी पावडर केशरी झाली, ती व्हॅक्यूमने ओढली, परत टाकली, परत ओढली. डागाचं निम्मं काम पाण्याचा थेंब न वापरता झालं.

त्यानंतर एक कप कोमट पाण्यात पाव चमचा भांड्याचं लिक्विड. पाव म्हणजे पावच, जास्त घालायचा मोह होतो. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, असे बरेच रेणू मिळून तेलाचा थेंब वेढतात आणि पाण्यात सोडतात, तेवढ्यासाठी इतकं पुरतं. जास्तीचा साबण धाग्यावर चिकटून राहतो आणि पुढे महिनाभर येणाराजाणारा धूळ त्यावर चिकटवून जातो, मग लोक म्हणतात डाग परत आला. सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर साबणाची वडी अजिबात नको, आपल्या काळ्या बेसॉल्टमधून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं आणि साबण त्याच्याशी जुळून पांढरट साका होतो. लिक्विडला तो त्रास होत नाही.

आणि मग टिपायचं. ओल्या फडक्याने डाग ओला करायचा, कोरड्या फडक्याने दाबायचा, उचलायचा, जागा बदलून परत दाबायचा. आमच्याकडे सासऱ्यांचे जुने पंचे आहेत, त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पांढरा सुती आणि वापरून वापरून मऊ झालेला. पांढराच घ्या, म्हणजे फडक्यात काय येतंय ते दिसतं, आणि फडक्याचा रंग कार्पेटला लागत नाही. चाळीसएक वेळा दाबलं असेल. हात दुखले.

तेल गेलं, लाल गेला, राहिला हळदीचा पिवळा. इथे पहिला रस्ता अजून थोडा चालतो. कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं, त्यामुळे मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट पंच्याच्या टोकाला लावून टिपलं, बराच पिवळा पंच्यावर आला. कार्पेटवर स्पिरिट ओतायचं मात्र नाही, मागचा कपडा बऱ्याचदा लॅटेक्सने, म्हणजे रबरासारख्या चिकट पदार्थाने, चिकटवलेला असतो आणि तो मऊ पडून सुटू शकतो. आधी कोपऱ्यात टेस्ट करा, गॅस बंद, देवाजवळचं निरांजन बंद.

उरलेल्यासाठी दुसरा रस्ता, रंग तोडणे. 1815 साली व्होगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतून हा पिवळा पदार्थ वेगळा काढला, त्याची रचना उलगडायला 1910 उजाडलं, आणि त्या रचनेतच त्याचा कच्चा दुवा दिसतो. कार्बनच्या साखळीत एक साधा बंध, एक दुहेरी, परत साधा, परत दुहेरी, अशी लांब रांग असते. ही रांग निळा प्रकाश गिळते म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. मिरचीच्या रंगात रांग अजून लांब, म्हणून तो लाल. ही रांग मधे कुठेही तुटली की रंग संपला, पदार्थ असला तरी दिसत नाही. आणि हळदीची रांग तोडायला ऊन पुरतं. कार्पेट गच्चीत नेलं, डाग किंचित ओला ठेवला, तीन दिवस सकाळी दहा ते तीन. पहिल्या दिवशी फारसा फरक नाही, तिसऱ्या दिवशी ताईंना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या डाग कुठे होता सांग. अर्थात ऊन फक्त डागाचाच रंग खात नाही. गडद किंवा नैसर्गिक रंगाचा लोकरी गालिचा, तोही भदोहीचा हाताने विणलेला वगैरे असेल तर उन्हात टाकू नका, तो ओळखीच्या ड्रायक्लीनवाल्याकडे द्या.

ऊन नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड हेच काम ऑक्सिजनने करतं. मेडिकलमध्ये 20 व्हॉल्यूमची बाटली मिळते, ती साधारण 6 टक्के असते, तेवढंच पाणी घालून 3 टक्के करायची आणि परत कोपऱ्यात टेस्ट. क्लोरीनचं ब्लीच लोकरीला लावायचंच नाही, लोकर त्यात अक्षरशः विरघळते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता तो व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. हे दोन्ही एकत्र करून फसफसवायचा व्हिडिओ मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी फॉरवर्ड करतं. अहो एक आम्ल, एक अल्कली, एकमेकांना भिडले की दोघंही संपले, कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि मागे उरलं सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी. फेस दिसतो भारी. डागाला काही होत नाही.

त्यापेक्षा वाईट म्हणजे काही डागांवर व्हिनेगर नुकसानच करतो. उन्हाळ्यात पोरं गोळा खात घरात येतात आणि काला खट्टा नाहीतर लाल सिरप कार्पेटवर पडतं. हे खाण्याचे रंग पाण्यात ऋणभारित असतात. लोकर आणि नायलॉन दोघांच्या रेणूत अमाइन नावाचे गट असतात, आम्ल मिळालं की त्यांच्यावर धनभार येतो आणि ते रंगाला ओढून घेतात. लोकरीचे धागे रंगवायची ही नेहमीची पद्धत आहे, रंग, आम्ल आणि उष्णता. म्हणजे गोळ्याच्या डागावर गरम पाण्यात व्हिनेगर घालून ओतलात तर तुम्ही डाग काढत नाही, कार्पेट डाय करताय, तेही पक्क्या रंगात. तिथे गार पाणी आणि भरपूर टिपणं, बस.

रेड वाइन आणि काळ्या द्राक्षांचा रस हा आपल्या गावचा खास प्रश्न, दोन्हीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. तेही हळदीसारखंच रंग बदलतं पण उलट्या दिशेने, आम्लात लाल आणि साबणात निळसर-हिरवट, तेव्हा डाग निळा झाला म्हणून घाबरू नका. रेड वाइनवर व्हाइट वाइन ओता म्हणतात, ती पाण्याइतकंच काम करते, पाणी नळाला येतं. वाइन प्या. मीठ थोडं शोषतं पण नंतर ते निघता निघत नाही आणि पावसाळ्यात ओल धरतं.

रक्त, दूध, अंडं यांना गरम पाणी नको, प्रोटीन शिजून धाग्याला घट्ट बसतं. एन्झाइमवाली पावडर अशा डागांना चांगली, ती आयडिया शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, ऑटो रोह्म या जर्मन केमिस्टने 1913 मध्ये स्वादुपिंडातले एन्झाइम कपडे धुवायला वापरायचं पेटंट घेतलं होतं. पण लोकर आणि रेशीम स्वतःच प्रोटीन आहेत, एन्झाइम त्यांनाही खातं.

आता शेवटचं, ज्याने सगळे वैतागतात. डाग गेला, सगळे खुश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी परत हजर! भूत नाही हो. वरून स्वच्छ केलं तरी खाली मुळाशी थोडं उरलेलं असतं. पाणी वाळतं ते धाग्याच्या टोकाशी, हवा तिथेच लागते, आणि टोकाचं पाणी उडालं की खालचं पाणी वर चढतं आणि येताना रंग घेऊन येतं. पाणी गेलं, रंग टोकावर बसला. चहाच्या वाळलेल्या थेंबाची कड गडद असते त्याचंही कारण साधारण हेच, कडेला पाणी लवकर उडतं आणि आतलं द्रव कण घेऊन कडेकडे वाहात राहतं, शिकागोच्या संशोधकांनी 1997 मध्ये कॉफीचे थेंब वाळवून हे नीट समजावलं. उपाय सोपा, या चढण्याचाच फायदा घ्यायचा. ओल्या डागावर पंच्याच्या पाचसहा घड्या ठेवायच्या, वर प्लास्टिकची पिशवी, त्यावर वजन, आम्ही पोळपाट ठेवून त्यावर तांदळाचा डबा ठेवला. रात्रभरात पाणी चढतं ते पंच्यात आणि रंग सकाळी पंच्यावर सापडतो.

हे सगळं मात्र ऑक्टोबरनंतर ते मेपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर रोड काय, सिडको काय, हवाच इतकी ओली असते की पूर्ण भिजवलेलं कार्पेट दोन दोन दिवस वाळत नाही, मागच्या लॅटेक्सला कुबट वास येतो आणि बुरशी धरते, आणि बुरशीचे काळे ठिपके तर्रीपेक्षा कितीतरी चिवट. पावसाळ्यात फक्त डागापुरतं ओलं करा, लगेच पंच्याने दाबून कोरडं करा आणि दोन खुर्च्यांवर आडवं टाकून खालून-वरून फॅन लावा. आणि मिसळ डायनिंग टेबलवर. भाच्याला आता टीव्हीसमोर फक्त पापड मिळतो.