मेंढ्या रात्री शेतात बसल्या की भाताला काय मिळतं?

दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत वाडा टाकतात. वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडलेला कळप रात्रभर लेंड्या टाकतो, मुततो. त्याबद्दल शेतकरी पूर्वी धान्य देत, आता बरेच जण रोख देतात.

पैसे नेमके कशाचे? मेंढी काही नत्र (पिकाला लागणारा नायट्रोजन) तयार करत नाही. चाऱ्यातून आलेल्या नत्राचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग ती बाहेर टाकते, एवढंच. कळप दिवसभरही त्याच शेतातली धसकटं खात राहिला, तर शेताचंच शेताला परत मिळतं, तेही थोडं घटून. खरी भर पडते ती दिवसा डोंगरावर चरून रात्री खाचरात बसणाऱ्या कळपामुळे. माळाचं खत आपल्या पायांनी शेतात येतं. माळ तेवढा रिता होतो, पण तो हिशोब सहसा कुणी मांडत नाही.

लेंडीत स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ सगळं, मुतात पालाश (पोटॅश) बहुतेक, नत्र दोन्हींत. लेंडीतलं नत्र जिवाणू सावकाश मोकळं करतात, म्हणून त्याचा अंश पुढच्या वर्षीच्या पिकालाही लागू पडतो. मुतातला युरिया मात्र काही दिवसांतच अमोनिया होतो आणि तापलेल्या उघड्या जमिनीवरून त्यातला बराचसा उडून जातो. लेंडीखतात सुमारे 3 टक्के नत्र आणि शेणखतात अर्धा टक्का, हे आकडे ऐकायला छान; पण वाघर हलल्यावर लगेच नांगर फिरला नाही, तर मुतातली कमाई हवेत जाते.

खुरांनी जमीन दबते, ही तक्रार ओल्या रानापुरती खरी आहे. दाब मुख्यतः वरच्या 5 ते 10 सेंटिमीटर थरात बसतो. भातखाचरात पुढे चिखलणी (लावणीआधी पाण्यात नांगरून चिखल करणं) होणारच, त्यामुळे तिथे त्याची चिंता नको. काळ्या जमिनीत पावसानंतर लगेच कळप घालणं मात्र टाळावं.

कोकणातला मोठा तोटा वेगळाच आहे. पहिल्या पावसाने जिवाणू जागे होतात, नत्राचं नायट्रेट बनतं, आणि लावणी व्हायची असते जुलैत. शेतात मुळं नाहीत, पाऊस धो धो. नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं किंवा साचलेल्या पाण्याखाली वायू होऊन निघून जातं. मधल्या दिवसांसाठी धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरला, तर तो यातलं बरंच नायट्रेट शोषून धरतो आणि चिखलणीत गाडला की भाताला परत देतो.