अणुभट्टीसाठी छापलेल्या पोलादाचा उष्णतोपचार

धातूच्या भुकटीचे थर लेझरने वितळवून, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंगने, घडवलेला पोलादी भाग अणुभट्टीत बसवण्याआधी भट्टीत तापवून त्याची अंतर्रचना बदलण्याची प्रक्रिया. सर्वाधिक अभ्यास ३१६एल या स्टेनलेस स्टीलचा झाला आहे.

लेझरखालचा वितळलेला ठिपका क्षणार्धात गोठतो. त्यामुळे स्फटिककणांच्या आत एक मायक्रॉनहून लहान कोशिकांची जाळी तयार होते. कोशिकांच्या भिंतींत स्फटिकदोष दाटलेले असतात आणि क्रोमियम, मॉलिब्डेनमही तिथे थोडे जास्त साचते. छापलेले ३१६एल कायमचे वाकण्याआधी बहुधा ४५० मेगापास्कलहून (ताण आणि दाब मोजायचे एकक) अधिक ताण सोसते, ते या जाळीमुळे. पारंपरिक ३१६एलकडून मानकाची किमान अपेक्षा १७० मेगापास्कल असते. पण त्याच घाईतून अंतर्गत ताण आणि बारीक पोकळ्याही मागे राहतात. ताण राहिला तर अणुभट्टीतल्या गरम पाण्यात ताण-गंजाने तडे जाण्याचा धोका वाढतो.

म्हणून भाग प्रिंटरच्या पाटावरून कापून काढण्याआधीच ताण उतरवणे श्रेयस्कर. आधी कापला तर तो वाकडा होऊ शकतो. सुमारे ६५० अंश सेल्सिअसला काही ताण उतरतो, जाळी बरीचशी टिकते. १,०५० अंशांच्या वर मात्र जाळी विरते, रासायनिक घटक सारखे पसरतात आणि मजबुती घटते. छपाईत शिरलेले सूक्ष्म ऑक्साइड कण स्फटिकसीमांना अडवून धरतात, त्यामुळे नवे स्फटिककण तयार व्हायला घडीव पोलादापेक्षा जास्त तापमान लागते. घडीव पोलादाची कृती इथे जशीच्या तशी लावणे म्हणूनच चूक ठरते. पोकळ्या मिटवायला साधारण १,१५० अंशांना आर्गॉन वायूचा सुमारे १०० मेगापास्कल दाब देतात. पृष्ठभागावर उघडणारी छिद्रे त्याने मिटत नाहीत.

उच्च तापमानाच्या अणुभट्ट्यांसाठीच्या ३१६एच या स्टेनलेस स्टीलमध्ये कार्बन ०.०४ ते ०.१० टक्के असतो. तिथे स्फटिकसीमांवर कार्बाइड, म्हणजे कार्बन आणि धातूंची संयुगे, किती आणि कुठे जमतात, यावर दीर्घकाळ भाराखाली हळूहळू ताणले जाण्याचा वेग बराच अवलंबून असतो.

अमेरिकेत २०२० साली बायरन अणुऊर्जा केंद्रात वेस्टिंगहाऊस कंपनीने छापलेला इंधनसंचातील एक भाग बसवला गेला. २०२१ मध्ये ब्राउन्स फेरी केंद्रात ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत छापलेले चार स्टेनलेस स्टीलचे कंस (ब्रॅकेट) बसले. अशा कामात मूळ भागाच्या शेजारी, त्याच पाटावर चाचणीचे तुकडे छापतात आणि त्याच भट्टीत त्याच्याबरोबर तापवतात. तोडून तपासायचे ते हे तुकडे.