परदेशात शिकताना: प्रवासाची कागदपत्रे, तिथले फिरणे आणि पुन्हा आत येणे

हे माहितीपत्रक प्रवेश निश्चित झालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पालकांनीही ते वाचावे, कारण कागदपत्रांचा एक संच त्यांच्याकडे राहणार आहे.

आम्हाला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न निघण्याच्या दिवसाबद्दल असतात. पण निघताना सगळेच काळजी घेतात. अडचण येते ती पुढे, पहिल्या मोठ्या सुट्टीत, शिकत असलेल्या देशातून बाहेर पडून पुन्हा आत येताना. म्हणून त्या भागावर इथे जास्त लिहिले आहे.

तीन कागद, तीन मुदती

पासपोर्ट, व्हिसा आणि राहण्याचा परवाना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींच्या मुदती सहसा वेगळ्या असतात. पासपोर्ट तुम्ही कोण आहात ते सांगतो, व्हिसा तुम्हाला त्या देशाच्या दारापर्यंत नेतो आणि आत किती काळ राहायचे ते परवाना ठरवतो.

अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याच्या व्हिसाची मुदत शिक्षण चालू असताना संपली, तरी आय-२० (विद्यापीठाने दिलेले विद्यार्थी असल्याचे प्रमाणपत्र) वैध असेल आणि शिक्षण नियमानुसार चालू असेल तर राहण्याला बाधा येत नाही. मात्र एकदा बाहेर पडलात की परतताना सहसा नवा व्हिसा लागतो. कॅनडात स्टडी परमिट हा व्हिसा नव्हे. परमिटची दोन वर्षे शिल्लक असली तरी व्हिसा संपला असेल तर व्हिसा लागणाऱ्या देशाच्या नागरिकाला आत येता येत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बहुतेक परदेशी लोकांच्या निवासाच्या ओळखकार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. आता तिथे ई-व्हिसा, म्हणजे राहण्याच्या परवानगीची ऑनलाइन नोंद आहे आणि तो पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. पासपोर्ट बदलला की आपल्या ऑनलाइन खात्यात नवा क्रमांक नोंदवायचा, मगच विमानात बसायचे.

अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधी पासपोर्ट संपत असेल, तर व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीच तो नवा करून घ्या, असा आमचा आग्रह असतो. कॅनडासारखे देश पासपोर्टच्या मुदतीपलीकडे परमिट देत नाहीत, आणि परक्या शहरात परीक्षेच्या दिवसांत हे काम फार जड जाते.

निघण्यापूर्वी

नाव सगळीकडे एकसारखे आहे का, ते अक्षर-अक्षर लावून पाहा: पासपोर्ट, गुणपत्रिका, प्रवेशपत्र, विमानाचे तिकीट. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचे संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिले नाव माहीत नाही) अशी अक्षरे छापली जातात. मग बँक आणि वाहन परवाना अशा प्रत्येक ठिकाणी तेच समजावत बसावे लागते.

पदव्या आणि जन्मदाखल्यावर अपोस्टील (कागद खरा आहे असे दुसऱ्या देशासाठीचे सरकारी प्रमाणपत्र) लागते का, ते विद्यापीठाला आधी विचारा. सगळीकडे लागत नाही. ही पद्धत १९६१च्या हेग करारातून आली. चीन नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून तिच्यात आहे. कागद ज्या देशाने दिला त्याच देशात अपोस्टील मिळते, त्यामुळे हे काम निघण्याआधी उरका.

प्रवेशपत्र, शुल्क भरल्याची पावती, निधीचा पुरावा, विम्याचे कागद, राहण्याचा पत्ता आणि लसीकरणाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा. सामानात टाकलेली फाइल इमिग्रेशनच्या खिडकीवर उपयोगाची नाही. सामान त्या खिडकीनंतर मिळते. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच लागते. १०० वॅट-अवरपर्यंतची साधारणपणे चालते. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची असते.

स्वस्त म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास आखत असाल तर थांबा. अशा प्रवासात मधल्या विमानतळावर सामान स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे लागू शकते. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे तिथला व्हिसा. काही देशांत तर विमानतळाबाहेर न पडताही काही देशांच्या नागरिकांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. तिकिटाचे पैसे भरण्याआधी मार्ग आम्हाला दाखवा.

पोहोचल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांतली कामे पुढे ढकलू नका. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. अमेरिकेत आय-९४ची, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद ऑनलाइन उघडून दर्जा एफ-१ असाच लिहिला आहे ना, ते लगेच पाहा.

रोजच्या प्रवासासाठी विद्यापीठाचे ओळखपत्र आले की सवलती शोधा. ब्रिटनमधले १६-२५ रेलकार्ड बहुतेक रेल्वे भाड्यांवर एक तृतीयांश सूट देते, आणि वय जास्त असले तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते घेता येते. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांत सेमिस्टर शुल्कातच देशभराचे तिकीट येते. ते स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालते, वेगवान आयसीई गाड्यांना नाही. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात ठसा मारून घ्यायचे असते. पैसे भरलेले असूनही ठसा नाही म्हणून दंड होतो.

गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवाना देणाऱ्या देशातूनच काढून न्या. तो मूळ परवान्यासोबतच चालतो. जपानमध्ये रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या करारानुसार दिलेलाच धरतात, चीनमध्ये कोणताच धरत नाहीत.

सुट्टीतला प्रवास

शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आज २९ देश आहेत. त्यांपैकी एका देशाचे निवासकार्ड किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल, तर बाकीच्या देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवेत. आयर्लंड, सायप्रस आणि ब्रिटन या गटात नाहीत, हे तिकीट काढताना लक्षात ठेवा.

सर्वांत नाजूक काळ असतो तो मुदतवाढीचा अर्ज केलेला असताना. ब्रिटनमध्ये अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन, आयर्लंड आणि लगतच्या बेटांबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. जर्मनीत अशा वेळी एक तात्पुरता दाखला मिळतो, पण त्याचे प्रकार आहेत. निवास कायद्याच्या कलम ८१(४)चा असेल तर परत येता येते, ८१(३)चा असेल तर येत नाही. कोणत्या चौकटीत खूण आहे, ते स्वतः पाहा.

अमेरिकेतून निघण्यापूर्वी आय-२०च्या दुसऱ्या पानावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही हवी. ती एक वर्ष चालते, ओपीटीवर (अभ्यासाशी संबंधित कामाच्या परवानगीवर) असाल तर सहा महिने. सुट्टी लागण्याच्या आदल्या आठवड्यात त्या कार्यालयात गर्दी असते, म्हणून महिनाभर आधी जा.

घरी कोणी आजारी पडले आणि अचानक निघावे लागले, तर यातले काहीही तपासायला वेळ नसतो. अशा वेळी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला आणि आम्हाला एक संदेश टाका, विमानतळाच्या वाटेवर असलात तरी.

पासपोर्ट हरवला तर

आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग आपल्या दूतावासाकडे जा. नव्या पासपोर्टात जुना व्हिसा येत नाही. त्यामुळे तुम्ही शिकत असलेल्या देशाबाहेर असताना हे घडले, तर परत जाण्यासाठी त्या देशाच्या वकिलातीकडेही अर्ज करावा लागतो. पासपोर्टची पाने, व्हिसा आणि परवाना यांच्या स्पष्ट प्रती घरी आणि ईमेलमध्ये असतील तर दोन्हीकडचे काम हलके होते.

सुट्टीचे तिकीट काढण्याआधी तिन्ही कागदांचे फोटो आम्हाला पाठवा. मुदती आणि परतीचा मार्ग आम्ही तपासून देतो. व्हिसा मिळेलच, अशी हमी आम्ही देत नाही. तो निर्णय त्या देशाचा असतो.