दुर्बिणीचा रोख आणि आरशांची जुळणी

फेब्रुवारी २०२२ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बीण एचडी ८४४०६ या एकाच ताऱ्याकडे वळवली, तेव्हा त्याचे अठरा ठिपके उमटले. रोख त्या ताऱ्याकडेच होता; जुळले नव्हते ते मुख्य आरशाचे अठरा तुकडे. प्रत्येक तुकडा ताऱ्याची आपापली प्रतिमा बनवत होता.

अवकाश दुर्बिणीचा फोटो धूसर आला की या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. रोख म्हणजे अख्खी दुर्बीण आकाशात कुठे पाहते आणि तिथेच स्थिर राहते का. ते काम यानाचं वळणं मोजणारे जायरोस्कोप, यान वळवणारी रिअॅक्शन व्हील्स आणि मार्गदर्शक ताऱ्यावर खिळलेला सेन्सर करतात. जुळणी म्हणजे आत शिरलेला प्रकाश आरशांवरून परावर्तित होऊन एकाच बिंदूत येतो का. वेबमध्ये त्यासाठी १३२ छोट्या मोटरी आहेत आणि तिथला हिशेब नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात चालतो.

केप्लर या अवकाश दुर्बिणीचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. मे २०१३ पर्यंत तिच्या चारपैकी दोन रिअॅक्शन व्हील्स निकामी झाली. आरसा ठणठणीत, पण रोख टिकेना. अभियंत्यांनी चक्क सूर्यप्रकाशाच्या दाबाचा आधार घेऊन यान तोललं आणि २०१४ पासून वेध पुन्हा सुरू केले. फार सुंदर काम!

हबल अवकाश दुर्बिणीचं दुखणं १९९० मध्ये बरोबर उलट्या बाजूला होतं, मात्र त्यालाही सरसकट जुळणीचा दोष म्हणता येत नाही. मुख्य आरशाची कडा सुमारे २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त सपाट घासली गेली होती. दोष आकाराचाच असल्याने मुख्य आरशासमोरचा छोटा, दुय्यम आरसा कितीही सरकवला तरी भागलं नसतं. १९९३ मध्ये अंतराळवीरांना सुधारक प्रकाशयंत्रणा बसवावी लागली.

मग धूसर फोटोवरून कारण ओळखायचं कसं? एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा प्रकाश गोळा करतो तो वेळ, कमी करून पाहायचं. रोख डळमळत असेल, तर कमी वेळात तारा कमी फरपटतो आणि ठिपका आवळतो. आरशांचा दोष असेल, तर एक्स्पोजर कितीही असो, ठिपक्याचा विद्रूप आकार तसाच राहतो. फक्त मंद होतो.

दोन्ही गोष्टी पूर्ण सुट्या मात्र नाहीत. दुय्यम आरसा किंचित कलला तरी सगळी प्रतिमा बाजूला सरकते, जणू रोखच बदलला. शिवाय मार्गदर्शक तारा त्याच आरशांमधून दिसतो. ते जुळलेले नसतील, तर त्याचाही प्रकाश विखुरतो आणि रोख धरून ठेवणं अवघड होतं.