पद्मिनीत ‘कुठलंही’ इंजिन बसतं?

प्रीमियर पद्मिनी ही जुनी गाडी हाती आली की गॅरेजमध्ये सल्ला ठरलेला असतो: ‘जुनं इंजिन काढा, मारुतीचं टाका, बोनेट केवढं मोठं आहे!’ बोनेट मोठं आहे, हे खरं. बाकी सगळं अर्धवट.

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं आणि प्रोपेलर शाफ्टने, म्हणजे गाडीखालून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्याने, मागची चाकं फिरवतं. मारुती ८०० चं इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारं. ते उभं करायचं तर गिअरबॉक्स दुसरा, माउंटिंग नवे, इंजिनाखालचं तेलाचं भांडं, म्हणजे संप, गाडीच्या आडव्या तुळईला, क्रॉसमेंबरला, घासतं ते वेगळंच. जास्त ताकदीचं इंजिन टाकलंच, तर चारही चाकांचे जुन्या ताकदीला बेतलेले ड्रम ब्रेक तेच राहतात, आणि हे कुणी आधी सांगत नाही. जड डिझेल इंजिन टाकलं तर पुढची सस्पेन्शन दबून खाली जाते.

कागदाचंही तसंच. आरसीवर इंजिन नंबर असतो. आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली लागते. इंजिनात फेरफार केला की त्यावर पाणी सोडा.

माझ्या मते आधी ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा, मोजून घ्यावा. सिलिंडर झिजले असतील तर ते बोअर करून, म्हणजे आतून थोडे मोठे करून, ओव्हरसाइझ पिस्टन; पिस्टनांनी फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, झिजला असेल तर तो घासून अंडरसाइझ बेअरिंग. ब्लॉक तोच, म्हणून त्यावरचा इंजिन नंबरही तोच. ब्लॉकच फुटला असेल, तर त्याच जातीचं इंजिन शोधा आणि आधी आरटीओत अर्ज टाका.