समकालीन कलाकेंद्रातील सार्वजनिक उपक्रम

समकालीन कलेची प्रदर्शने भरवणारी संस्था प्रदर्शनाच्या जोडीने लोकांसाठी व्याख्याने, संवादफेऱ्या (प्रदर्शनातून गटाने बोलत-पाहत फिरणे), कार्यशाळा, सादरीकरणे, चित्रपटांचे खेळ, वाचनमंडळे आणि खुले स्टुडिओ (कलावंत काम करतो ती जागा लोकांना पाहू देणे) आयोजित करते. या सगळ्यांना मिळून सार्वजनिक उपक्रम म्हणतात. संग्रहालयाची ओळख त्याच्या संग्रहावरून होते. पुष्कळ कलाकेंद्रांकडे मात्र कायमचा संग्रह नसतो आणि प्रदर्शन उतरले की दालने रिकामी होतात. तिथे लोकांचे येणे, रेंगाळणे, वाद घालणे हेच संस्थेचे खरे भांडवल असते. त्यामुळे उपक्रमांना प्रदर्शनाची पुरवणी समजणे चुकीचे आहे.

या पद्धतीची मुळे एकोणिसाव्या शतकातील जर्मन कलामंडळांत सापडतात. गावातील नागरिक वर्गणी काढत आणि हयात चित्रकारांची प्रदर्शने भरवत. 1946 मध्ये लंडनला इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स स्थापन झाली. संस्थापकांत कलासमीक्षक हर्बर्ट रीड आणि चित्रकार रोलंड पेनरोज होते, आणि चित्रांबरोबर काव्यवाचन, व्याख्यान व चर्चा यांनाही तिथे सुरुवातीपासून मान होता. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने 1977 मध्ये आधुनिक कलेचे संग्रहालय आणि सर्वांना खुले असलेले मोठे ग्रंथालय एकाच इमारतीत आणले, शेजारी संगीत-संशोधनाची संस्था उभी केली. भारतात याच वृत्तीचे ठळक उदाहरण म्हणजे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भोपाळचे भारत भवन (1982). तिथे कलादालन, नाट्यविभाग, काव्यकेंद्र आणि संगीतकेंद्र एकाच आवारात आहेत. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिथल्या ‘रूपंकर’ या कलादालनात आदिवासी कलावंतांची कामे शहरी आधुनिक चित्रांच्या बरोबरीने मांडली.

समकालीन कलाकृती पाहणाऱ्याला अनेकदा गोंधळात टाकते. चौकट नाही, ओळखीचा विषय नाही, कधी तर वस्तूच नाही. हा गोंधळ गंभीरपणे घेण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या महाप्रदर्शनात झाला. 1968 मध्ये जर्मन कलाविचारक बाझोन ब्रोक यांनी तिथे प्रेक्षकांसाठी शाळा चालवली. चित्रकाराला शिक्षण लागते तसे पाहणाऱ्यालाही लागते, अशी त्यांची भूमिका होती.

संवादफेरी हा आज सर्वांत रुळलेला प्रकार आहे. चांगल्या फेरीत संवादक आधी माहिती सांगत नाही. दहा-पंधरा जणांना तो मांडणशिल्पासमोर (जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीसमोर) उभे करतो आणि गप्प राहतो. पहिला मिनिटभर कोणी बोलत नाही, काहींची नजर भिंतीवरच्या माहितीपट्टीकडे वळते. मग तो विचारतो, ‘इथे काय चाललेय?’ कोणी काही बोलले की पुढचा प्रश्न येतो, ‘असे तुम्हाला कशावरून वाटले?’ आणि त्यानंतर, ‘आणखी काय दिसतेय?’ हे तीन प्रश्न मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीतले आहेत. खरे वजन दुसऱ्या प्रश्नात आहे. बोलणाऱ्याला पुन्हा कलाकृतीकडे पाहावे लागते आणि मताला आधार शोधावा लागतो. कलावंताचे नाव, साल, संदर्भ या गोष्टी नंतर आल्या तरी चालतात. मात्र त्या कधीच आल्या नाहीत तर फेरी अपुरी राहते, कारण नुसत्या अंदाजांवर समकालीन कला उलगडत नाही.

काही वेळा उपक्रम आणि कलाकृती यांत फरकच उरत नाही. 1972 च्या डॉक्युमेंटात जर्मन कलावंत योझेफ बॉइस प्रदर्शनाचे 100 दिवस एका कार्यालयवजा दालनात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी थेट लोकशाहीवर, म्हणजे लोकांनी स्वतःच मत देऊन निर्णय घेण्यावर, चर्चा करत होते. त्यांची ती चर्चा हीच प्रदर्शनातील कृती होती. 1982 मध्ये त्यांनी कासेल शहरात ओकची 7,000 झाडे लावण्याचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्ट या काळ्या दगडाचा एक खांब रोवायचा होता. सगळे दगड आधी प्रदर्शनाच्या मुख्य इमारतीसमोर रचून ठेवले होते. लोकांनी देणगी देऊन झाड लावले की त्या राशीतला एक दगड कमी होई. नागरिकांना रोज चौकात त्या राशीकडे पाहून काम किती उरले ते कळत असे. बॉइस 1986 मध्ये वारले, शेवटचे झाड 1987 मध्ये लागले. इतका दीर्घ आणि उघड्यावरचा लोकसहभाग समकालीन कलेत विरळाच.

मुलांच्या कार्यशाळांना बहुतेक केंद्रांत मोठी मागणी असते, पण त्यांचा दर्जा फार कमी-जास्त असतो. नमुना पुढे ठेवून त्याबरहुकूम कागद कापायला लावणे म्हणजे हस्तव्यवसायाचा तास झाला. कलाशिक्षक व्हिक्टर डीॲमिको यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1942 पासून भरवलेला मुलांचा कला-मेळा वेगळा होता. आत जायची वाट मुलांच्या आकृतीत कापलेल्या फाटकातून होती आणि पालकांना आत प्रवेश नसे. साहित्य आणि वेळ मुलांच्या ताब्यात दिला जाई. हा मेळा पुढे युरोपात आणि 1963 मध्ये भारतातही आला.

प्रवेश मोफत ठेवला म्हणजे दार सर्वांना उघडले असे होत नाही. दृष्टिहीनांसाठी स्पर्शफेरी आणि शब्दवर्णन, कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेतील फेरी, गोंगाट व प्रखर प्रकाश सहन न होणाऱ्यांसाठी शांत वेळ, अशी सोय मुद्दाम करावी लागते. 2006 पासून न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे यांच्यासाठी फेऱ्या सुरू केल्या. त्यासाठी संग्रहालय इतरांना बंद असे तो वार निवडला होता. आठवण नसली तरी समोरच्या चित्राविषयी आत्ता बोलता येते, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे.

रात्रीचे उपक्रम हा तुलनेने नवा भाग. बर्लिनमध्ये 1997 मध्ये संग्रहालयांची लांब रात्र सुरू झाली आणि ती कल्पना अनेक शहरांनी उचलली. गर्दी भरपूर जमते. कलाकृतीसमोर निवांत थांबणे मात्र त्या रात्री अवघड जाते.

उपक्रम संपल्यावर मागे राहतात ती छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, भित्तिपत्रके आणि टिपणे. ज्या केंद्राकडे संग्रह नाही त्याचा इतिहास याच कागदांतून लिहिला जातो, म्हणून दप्तर नीट ठेवणे हे उपक्रम विभागाच्या मुख्य कामांपैकी एक आहे. टिनो सेहगल यांच्यासारखे कलावंत याला अपवाद आहेत. ते आपल्या प्रसंगरूपी, म्हणजे माणसांनी प्रत्यक्ष सादर करायच्या, कृतींचे छायाचित्र वा चित्रफीत काढू देत नाहीत, आणि अशा कृतीची विक्रीसुद्धा लेखी कराराशिवाय, तोंडी ठरते. केंद्राकडे ती कृती राहते ती सादर करणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीत.